पावडर टाकण्याआधी विहिरीभोवती फिरा

मृगाचा पाऊस पडला की ग्रामपंचायतींना टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची, आठवण येते. शिपाई टाकीवर चढतो, अंदाजाने पावडर ओततो, वहीत सही होते आणि गावाचं पाणी शुद्ध झालं असं सगळे धरून चालतात. टीसीएल हवंच, ते कसं वापरायचं हेही पुढे सांगतो. पण ते शेवटचं काम आहे. त्याच्या आधीची कामं विहिरीभोवतालच्या शेतांत, परसांत आणि गटारांत करायची असतात. बहुतेक गावांत ती कुणाच्याच अंगावर सोपवलेली नसतात, म्हणून राहून जातात.

आधी विहिरीत पाणी कुठून येतं ते पाहू. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याखाली घट्ट पाषाण. उघड्या विहिरीला पाणी मिळतं ते मुरमातून आणि भेगांतून. मातीच्या जाड थरातून सावकाश उतरणारं पाणी वाटेत गाळलं जातं. भेगेतून धावणाऱ्या पाण्याला तेवढी सवड मिळत नाही. वरची घाण ते जशीच्या तशी घेऊन येतं. कोकणातला जांभा तर सच्छिद्रच, तिथे पाऊस लागला की विहिरी झपाट्याने चढतात, आणि ज्या वेगाने पाणी येतं त्याच वेगाने त्यातली घाणही. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावा असं पुस्तकात असतं. काळ्या मातीच्या रानात तेवढं अंतर चालून जाईल. भेगाळ खडकाच्या गावात, आणि त्यातही खड्डा विहिरीच्या चढाच्या अंगाला असेल, तर ते पुरेल याची हमी नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की, मे महिन्याच्या अखेरीस एक सकाळ मोकळी काढा आणि विहिरीभोवती फिरा. सरपंच आणि ग्रामसेवक हवेतच. जलसुरक्षक हवा, आशाताई हव्यात. पण त्यांच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे रोज पाणी भरणाऱ्या दोन-चार बायका आणि विहीर खणताना किंवा गाळ काढताना आत उतरलेला एखादा म्हातारा माणूस. झरे कोणत्या अंगाने येतात, कोणता झरा उन्हाळ्यात आधी आटतो, हे त्याला माहीत असतं. ते कोणत्याही नकाशात नसतं. जिकडून झरे येतात तिकडे आधी चाला.

काय पाहायचं? कठडा पुरेसा उंच आहे का, त्याला तडे आहेत का. भोवतालचा ओटा खचून त्याचा उतार विहिरीकडेच झाला आहे का, कारण तसं असेल तर धुण्याचं, गुरं धुतल्याचं आणि पावसाचं पाणी परत आत जातं. सांडपाण्याची नाली ओट्याबाहेर दूरवर जाते की चार फुटांवर तुंबते. पोहरा एकच आणि टांगलेला आहे, की जो तो आपली बादली मातीत टेकवून आत सोडतो. विहिरीच्या आतल्या बांधकामात वरच्या काही फुटांतून पाणी पाझरल्याचे ओले पट्टे दिसतात का. दिसले तर गिलावा हवा, कारण ते झऱ्याचं पाणी नव्हे, वरच्या चिखलाचं आहे. मग बाहेरच्या वर्तुळात जा. उकिरडा, गोठा, शौचालयाचे खड्डे, जुनी भंगार टाकण्याची जागा, गटाराचा शेवट. प्रत्येक गोष्ट एका कागदावर मांडा. कागद सुबक नसला तरी चालेल, दिशा आणि चढउतार बरोबर हवेत.

दोन गोष्टी सहसा नजरेतून सुटतात. पहिली फवारणीची. पंप भरायला पाणी हवं म्हणून औषध आधीच घातलेली टाकी विहिरीशी आणली जाते, कडेला सांडते, रिकामी बाटली तिथेच विसळली जाते. पाण्यात गेलेलं कीटकनाशक उकळून किंवा टीसीएलने निघत नाही. तेव्हा नियम सोपा करा: पाणी भरून न्यायचं, औषध शेतात कालवायचं, बाटली विहिरीजवळ आणायचीच नाही. दुसरी गोष्ट ठिबकची. ज्या विहिरीवर पिण्याचीही मोटर आहे आणि शेतीचीही, तिथे व्हेंच्युरीतून विद्राव्य खत सोडताना वीज गेली की नळीतलं पाणी उलटं विहिरीत येऊ शकतं. एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की हा धोका बराच टळतो, आणि त्याची किंमत खताच्या एका गोणीइतकीही होत नाही. खरं तर पिण्याच्या विहिरीवर शेतीची मोटरच नसावी. पण आहे ते आहे, आधी व्हॉल्व्ह बसवा, वाद नंतर घाला.

निर्माल्य आणि गणपती विसर्जनाबद्दल लोकांना सांगणं अवघड जातं हे मला माहीत आहे. पिण्याच्या विहिरीत प्लास्टर आणि रंग विरघळवण्यात कसलं पुण्य आहे हे मात्र मला कधी कळलेलं नाही. विसर्जनाला हौद करा आणि ते काम गावातल्या मंडळावरच सोपवा. मंडळाने सांगितलेलं गाव ऐकतं, ग्रामपंचायतीच्या फलकाचं ऐकतंच असं नाही.

लोकांच्या सवयी बदलतात का, असं विचारणाऱ्यांना नारूची आठवण करून द्यावीशी वाटते. पायविहिरीत लोक पाण्यापर्यंत उतरायचे, पायाला नारूचा फोड असलेला माणूस पाण्यात उभा राहिला की अळ्या पाण्यात जायच्या, तिथल्या बारीक सायक्लॉप्स किड्यांत वाढायच्या आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हात-दोन हात लांबीचा जंत निघायचा. महाराष्ट्रातही हा रोग होता. त्यावर लस निघाली नाही, रामबाण गोळी निघाली नाही. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे आणि रहाट आले, हातपंप बसले, पाणी फडक्याने गाळून प्यायची सवय लागली, मुख्यतः एवढ्यावर रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. हल्ली जुन्या बारवा साफ करण्याचा उत्साह सगळीकडे दिसतो आणि तो चांगलाच आहे. फक्त साफ झालेल्या बारवेचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका, इतकीच विनंती.

आता टीसीएल. ताज्या आणि चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो. गोणी उघडी ठेवून पावसाळाभर कार्यालयाच्या कोपऱ्यात पडलेली पावडर ऑगस्टपर्यंत बरीचशी नुसता चुना झालेली असते. २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन गेलेली पावडर वापरू नये. त्यामुळे एकदम वर्षभराचा साठा करू नका, उत्पादनाची तारीख पाहून घ्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, कोरड्या अंधाऱ्या खोलीत ठेवा. पत्र्याचा डबा नको, तो गंजतो. नमुना प्रयोगशाळेत पाठवून क्लोरीनचं प्रमाण मागवता येतं, ते मागवा.

किती टाकायची हा हिशेब शाळेतला पोरगाही करू शकतो, आणि त्याच्याकडूनच करून घ्यावा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणा आणि आलेल्या आकड्याला ७८५ ने गुणा. विहिरीत किती लिटर पाणी आहे ते मिळतं. सहा मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर ३६ गुणिले ४ गुणिले ७८५, म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या नेहमीच्या मात्रेने अर्धा किलोहून थोडी जास्त, साधारण ५६५ ग्रॅम पावडर लागेल. जूनमध्ये विहीर भरली की पाणी दुप्पट होतं, मात्राही दुप्पट लागते. मेमधलाच अंदाज पुढे चालवला की पावसाळ्यात, नेमक्या धोक्याच्या दिवसांत, अर्धीच पावडर पडते.

पावडर कोरडी भुरभुरवू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करा, मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घाला, ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोराने विहिरीत खोल सोडून वरखाली आणि गोल हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाण्याचा जडपणा वाढतो. हात आणि डोळे जपा, तोंडाला फडकं बांधा. त्यानंतर किमान अर्धा तास कुणी पाणी शेंदू नये. रात्री किंवा पहाटे हे काम केलं तर सोयीचं पडतं. नळयोजना असेल तर पावडर टाकीत, टाकी भरत असताना आणि रोज पडायला हवी. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, तेव्हा आधी निवळणं आवश्यक.

ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी रंगाची चाचणी, टाकीखाली उभं राहून करणारे पुष्कळ आहेत. तिथे पिवळा रंग येणारच. चाचणी करायची ती शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. तिथे रंग आला नाही तर एक तर मात्रा कमी पडते आहे किंवा वाटेत घाण पाणी मिसळतं आहे.

दुसरी शक्यता पहिलीइतकीच खरी. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर, कुठे दोन-तीन दिवसांआड येतं. उरलेला वेळ नळी रिकामी असते आणि गटारातून गेलेल्या नळीला भेग असली की गटाराचं पाणी आत शिरतं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणीही तसंच आत जातं. त्यात नळाला थेट टुल्लू पंप जोडणारे लोक. पंप नळीतली हवा ओढतो, शेजारच्या भेगेतून घाण ओढतो आणि खालच्या घरांचं पाणी तोडतो, हे तिन्ही एकाच वेळी. विहीर कितीही स्वच्छ राखली तरी या एका सवयीने सगळं पाण्यात जातं. नळ आला की व्हॉल्व्हचे खड्डे उघडून पाहा, कोरडे करून घ्या, गटारातून जाणारी नळी वर उचलून घ्या. टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली असते. ती तारीख टाकीपेक्षा ताजी वाटली तर शिडी चढून आत डोकावण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच वळली. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. तिथल्या विहिरीपासून खासगी आरओ केंद्रांपर्यंत आणि टँकरपर्यंत सगळ्यांची तपासणी झाली. विहीर हा खेड्याचा विषय आहे असं मानणाऱ्या शहरवासीयांनी हे लक्षात ठेवावं. सोसायटीची बोअर, जमिनीखालची टाकी आणि शेजारून जाणारी सांडपाण्याची वाहिनी यांचं नातं तेच आहे. टँकरवाल्याला पाणी कुठून भरलं हे विचारा, आणि ते टाकीत उतरताच ओटी चाचणी करा.

टीसीएल जंतू मारतं. नायट्रेट आणि फ्लोराइडला ते हातही लावत नाही. खतांचा आणि शेणामुताचा अंश मुरून पाण्यात नायट्रेट वाढतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते फार बाधतं, आणि पाणी उकळलं तर पाणी आटून त्याचं प्रमाण उलट वाढतं. फ्लोराइड खडकातूनच येतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत दात आणि हाडं त्याने खराब झालेली आहेत. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्यापुढे दुसरं पाणी शोधावं लागतं. म्हणून रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, झालीच पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना फिल्ड टेस्ट किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे आधी शोधा. किट कपाटात बंद असेल तर बाहेर काढा आणि रसायनांची मुदत पाहा. जंतू तपासायच्या एच२एस बाटलीतलं पाणी दिवस-दोन दिवसांत काळं पडलं तर पाण्यात विष्ठेचा अंश असावा असं समजून चालायचं.

प्रदूषण थोपवलं तरी विहीर आटली तर उपयोग नाही, आणि आपल्याकडे पिण्याच्या विहिरी आटतात त्या बहुधा शेजारच्या बोअरमुळे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, ही तरतूद १९९३ च्या कायद्यापासून आहे. २००९ च्या भूजल कायद्यातही पिण्याच्या स्रोतांना संरक्षण आहे. पण रिग रात्री येते आणि सकाळी निघून जाते. तक्रार नंतर होते, तोवर भावकीत वैर आलेलं असतं. त्यापेक्षा ५०० मीटरचं वर्तुळ आधीच नकाशावर काढा, त्यात कुणाची जमीन येते त्यांची यादी करा आणि त्यांच्या घरी जाऊन बोला. ‘तात्या, तुमची अडचण आम्हाला कळते, पण उन्हाळ्यात एवढे तीन महिने उपसा आवरा, उसाऐवजी दुसरं काही घ्या’ असं माणूस दारात येऊन म्हणाला तर ऐकलं जातं. नोटीस आली की कोर्ट. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, उसासारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत, आणि पाण्याचा ताळेबंद दरवर्षी गावापुढे मांडून पिण्याचं पाणी आधी राखून ठेवायचं, असे नियम स्वतःला घालून घेतले. सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांचं नाव त्या गावाशी जोडलं गेलं, पण नियम पाळले ते गावाने.

विहिरीभोवतीच्या फेरीत आणि पाणी समितीच्या बैठकीत कोण असावं हे मी मुद्दाम सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सार्वजनिक पाणी कुणी भरायचं हा प्रश्न कायद्याने केव्हाच सुटला. तरी आजही नळी कुठे संपते, सगळ्यात कमी दाबाने पाणी कुठे येतं, हे पाहिलं तर ते टोक बरेचदा दलित वस्तीत, कातकरी पाड्यावर किंवा ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांपाशी निघतं. घाण पाण्याची पहिली बातमी तिथूनच येते, कारण घाण तिथेच आधी पोचते. त्या वस्तीतला माणूस समितीत नसेल तर समितीला ती बातमी उशिरा कळते.

आपत्तीसाठी दोन सूचना. पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल, जसं २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत झालं, तर लगेच सगळी विहीर उपसू नका. भोवतालची माती भिजलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं की बांधकाम ढासळतं. पाणी ओसरू द्या, मग टप्प्याटप्प्याने उपसा, गाळ काढा, मोठ्या मात्रेने क्लोरीन द्या, ते पाणी काढून टाका आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत पिऊ नका. दुसरी सूचना गाळ काढणाऱ्यांसाठी. डिझेल इंजिन विहिरीत कधीही उतरवू नका, त्याच्या धुराने आत माणसं मरतात. बराच काळ बंद असलेल्या विहिरीत पुरेसा प्राणवायू नसू शकतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. आत कुणी कोसळला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. एकामागून एक तिघेचौघे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात छापून येतात.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. ओट्याचा उतार, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि पावडरीचं पिंप, यांवर या वर्षी खर्च करा. शौचखड्डे हलवणं पुढच्या आराखड्यात घ्या. आरोग्य खातं एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतं आणि ग्रामपंचायतीला कार्ड देतं: मोठा धोका असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. पाच वर्षं हिरवं राखलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. तुमच्या गावाला कोणतं कार्ड मिळालं हे येत्या ग्रामसभेत विचारा. लाल किंवा पिवळं असेल तर कोणत्या कारणाने, हे कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि प्रत्येक कारणापुढे एकेका माणसाचं नाव आणि तारीख लिहून घ्या.